दहा बोटांचा मिस्त्री

खंडूमामा मिस्त्रीच्या दोन्ही हातांना मिळून पुरती दहा बोटं होती, आणि आमच्या धंद्यात तीच त्याची बदनामी होती.

आज हे कुणाला खरं वाटणार नाही. पण त्या काळी माळव्यातल्या आमच्या धार भागात वाफेवर चालणाऱ्या गोल करवती नुकत्याच येऊ लागल्या होत्या. ज्याची दोन-तीन बोटं गेलेली, तो मुरलेला कारागीर, असं लोक सरळ धरून चालत. मनावर गावाहून एक भगवान मिस्त्री आमच्याकडे सागाच्या गाड्या घेऊन यायचा. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, पण चहा पिताना तो पेला मुद्दाम त्याच हातात धरायचा. खंडूमामाकडे बघून तो एकदा म्हणाला, "क्यों भिया, दहाच्या दहा? कधी लाकूड कापलंस की नुसती पूजाच केलीस?"

"मला लाकूड कापायला ठेवलंय," खंडूमामा म्हणाला. "बोटं कापायची तर घरी अडकित्ता आहे."

सगळे हसले. मीही हसलो, पण भगवानच्या बाजूने. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला याहून वाईट गोष्ट सांगायची आहे.

आमचा कारखाना धारला तलावाच्या अंगाला होता. मालक दादासाहेब. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबारची कारकुनी होती. त्यांना मात्र यंत्रांचं वेड लागलं. त्यांनी एक वाफेचं इंजिन आणलं, त्यावर लांबलचक चामडी पट्टा चढवला आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ती करवत बसवली. लोखंडी पत्र्याचं टेबल, त्याच्या मधोमध फट आणि फटीतून वर आलेलं दातेरी चाक. आम्ही तिला चक्री म्हणायचो. मी पिढीजात सुतार. पणजोबा मराठी फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. रंधा, वाकस, पटाशी माझ्या हातात वाढलेली. पण चक्री पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी पार दारापर्यंत मागे गेलो होतो. तिचा आवाज दातांत बसायचा. मग महिनाभराने आवाजाची सवय झाली आणि भीती गेली. खंडूमामाच्या मते त्याच दिवसापासून मी धोक्यात आलो.

"घाबरणं बंद झालं का रे नाराण?" त्याने मला विचारलं होतं.

"झालं की मामा."

"मग आजपासून तुझ्यावर नजर ठेवायला हवी."

तो ठेंगणा होता, पन्नाशीचा, आणि त्याच्या अंगावर लोंबणारी एकही वस्तू नसे. बाह्या कोपरावर आवळून बांधलेल्या, पागोट्याचा शेमला आत खोचलेला, शेंडीसुद्धा गाठ मारून पागोट्याखाली. रोज सकाळी तो कारखान्याच्या दारात उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत बघायचा. उपरणं खुंटीवर. अंगठी खिशात. गळ्यातला ताईत बंडीच्या आत. एकदा माझ्या सासऱ्यांनी दिलेली चांदीची अंगठी बोटातून निघेना, तेव्हा त्याने मला तेल लावायला बसवलं आणि निघेपर्यंत काम दिलं नाही. तेवढा वेळ आठ माणसं माझ्याकडे बघत होती. मी मनातल्या मनात त्याला लाख शिव्या दिल्या.

टेबलाच्या मागे जमिनीवर त्याने चुन्याचा एक पट्टा ओढून ठेवला होता, पार भिंतीपर्यंत. करवतीच्या अगदी सरळ रेषेत. त्या पट्ट्यावर कुणी उभं राहायचं नाही. फळी ढकलणाऱ्याने डावीकडे सरकून उभं राहायचं. चक्रीने फळी धरली तर ती उलटी उडते आणि त्या रेषेतून जाते, असं तो सांगायचा. आम्ही कुणी फळी उडालेली बघितली नव्हती. तेव्हा चुन्याच्या पट्ट्याला आम्ही 'मामाची लक्ष्मणरेषा' म्हणू लागलो आणि त्याची पाठ फिरली की तिच्यावर बसून विडी ओढू लागलो. मग एका दुपारी सागाची एक ओली फळी मध्येच आवळली, चक्री किंचाळली आणि फळी माझ्या कमरेजवळून गेली. मी ती जाताना बघितलीच नाही. भिंतीशी पाण्याचा माठ होता, तो फुटल्याचा आवाज तेवढा ऐकला. मामाने इंजिनाचा चामडी पट्टा सरकवायची लाकडी दांडी ओढली, चक्री सुटी केली आणि माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा मला सुनावणार. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. ते चुन्याच्या पट्ट्याच्या चार बोटं बाहेर होते.

"बरं झालं," एवढंच म्हणाला, आणि खापऱ्या गोळा करायला लागला. त्याचे हात थरथरत होते. माझे मात्र नव्हते, याची मला आजही लाज वाटते.

त्याचे नियम ढीगभर होते. शेवटची वीतभर फळी हाताने ढकलायची नाही, काठीने ढकलायची. जुन्या वाड्याची तुळई आली तर आधी तळहाताने चाचपायची, खिळा शोधायचा. टेबलाजवळ भुसा साठू द्यायचा नाही, पाय घसरतो. चक्री चालू असताना बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. एकदा खुद्द दादासाहेबांनी हाक मारली, तर मामाने फळी पुरी होईपर्यंत मान वळवली नाही. दादासाहेब तसेच उभे राहिले. इंजिनवाला कादर मला कुजबुजला, "मालिक को खडा रखा मिस्त्री ने. एक दिन ये महंगा पडेगा."

पण या सगळ्यांत त्याचं एक खूळ होतं, त्याला तोड नव्हती. पट्टा सरकवला तरी चक्री लगेच थांबत नाही, आपल्या वेगाने फिरत राहते. आवाज हळूहळू मरतो. शेवटी शेवटी ती इतकी मुकाट फिरते की थांबली असंच वाटतं. म्हणून मामाच्या कमरेला नेहमी ज्वारीची दोन-तीन सुकी चिपाडं खोचलेली असत. टेबलावरचा तुकडा उचलायच्या आधी तो एक चिपाड करवतीच्या दातांना लावून बघायचा. चिपाडाचा तुकडा उडाला, तर आणखी थांबायचं. आम्हा प्रत्येकाला तेच करावं लागे. दिवसातून पन्नास वेळा त्याचा प्रश्न कानावर पडायचा, "चिपाड लावलं का?" कादर तर इंजिनाची राख काढतानाही म्हणायचा, "मिस्त्री, चिपाड लगाऊं क्या?"

आणि संध्याकाळी, इंजिन बंद झालं की, सगळ्यांनी ओळीत उभं राहून दोन्ही पंजे वर धरायचे. तो एकेकासमोरून जायचा. "दहा. दहा. दहा." मोठी माणसं, घरी लेकराबाळांचे बाप, आणि शाळेतल्यासारखे हात दाखवत उभे! मला त्याचा फार राग यायचा.

एकदा मी चिडून विचारलंच, की मामा, हे चिपाडाचं काय खूळ आहे? दुपारची भाकरी खात होतो.

"माझा धाकटा भाऊ होता, भिवा," तो म्हणाला. "निमाडात एका लाकूडगिरणीत दोघं कामाला होतो. पट्टा काढला होता. तुकडा अडकला होता. भिवाने मला विचारलं, दादा, थांबली का? मी बघितलं. मला थांबलेली दिसली. मी म्हटलं, थांबली, काढ तुकडा."

त्याने भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

"हात गेला. मग ताप चढला. नऊ दिवस राहिला. मला काही म्हणाला नाही. ती थांबलेली दिसते रे नाराण, थांबलेली नसते."

त्यानंतर मी त्याची टिंगल केली नाही. पण मनातून त्याचं सगळं पटलं होतं, असंही नाही. माणूस पोळलेला आहे, म्हणून भितो, एवढाच मी अर्थ घेतला.

मग ती खांडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन, पुसून ओळीत मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या हत्याराची ती सुट्टी. पण त्या वर्षी दादासाहेबांनी दरबारातल्या चार बड्या मंडळींना चक्री दाखवायला बोलावलं होतं. पूजा झाली, भटजींनी सगळ्यांच्या उजव्या मनगटाला लाल नाडा बांधला. दादासाहेबांचा नाडा मानाचा, लांब, दोन पदरी. जरीच्या उपरण्याखालून त्याची टोकं वीतभर लोंबत होती.

"खंडू, चालव चक्री," दादासाहेब म्हणाले. "पहिली फळी मी माझ्या हाताने कापणार."

मामा पुढे आला. "मालक, आज हत्याराला विश्रांती असते."

"हे यंत्र आहे. हत्यार नव्हे."

"मग त्याची पूजा का केली?"

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. दादासाहेबांचा चेहरा उतरला, आणि मी मनात म्हटलं, मामा, आता गप्प बस. तो गप्प बसला, पण थांबला नाही. चक्रीवरची झेंडूची माळ काढून ठेवली. मग हात जोडून म्हणाला, "उपरणं तेवढं काढून ठेवा, मालक. आणि नाडा."

भटजी मध्येच बोलले, "पूजेचा नाडा काढत नसतात. अशुभ."

"मग टोकं तरी खोचा."

"खंडू!" दादासाहेबांनी उपरणं उतरवून माझ्याकडे फेकलं. "पुरे झालं तुझं भय. कादर, सोड वाफ."

कादरने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. इंजिन धापा टाकू लागलं. मामाने दांडी हळूच सरकवली आणि चक्रीने आपला सूर लावला. फळी ओढायला मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो, म्हणजे दादासाहेबांचे हात माझ्या अगदी समोर होते. त्यांनी फळी लावली. बाजूला ठेवलेल्या काठीकडे बघितलंसुद्धा नाही. फळी निम्मी कापली गेली. पाहुणे वाहवा म्हणाले. दादासाहेब हसत पाहुण्यांकडे वळले, आणि हात तसाच पुढे येत राहिला. वीतभर उरली. मग चार बोटं.

नाड्याचं टोक दाताला लागलेलं मी बघितलं. ते एकदम ताठ झालं. दादासाहेबांचं मनगट बोटभर पुढे ओढलं गेलं. तेवढ्यात मामाने मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना घेऊन तो मागे पडला. दोघं भुशात. दादासाहेबांची पगडी घरंगळत पाहुण्यांच्या पायाशी गेली. कुणीतरी खो खो हसलं.

मामा उठला, दांडी ओढली आणि पहिली गोष्ट काय केली, तर दादासाहेबांचा उजवा हात पकडून बोटं मोजली. "पाच," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

दादासाहेबांनी हात हिसडला. अंगावर साधा ओरखडा नव्हता. तिथेच सगळं चुकलं. थोडं रक्त आलं असतं, तर खंडूमामा त्या दिवशी देव ठरला असता. काहीच झालं नाही, म्हणून भर दरबारी मंडळींत मालकाला लोळवणारा माजोरी नोकर ठरला.

"काय झालं होतं?" दादासाहेब ओरडले. "काय झालं होतं म्हणून हात लावलास मला?"

"नाडा ओढला गेला, मालक."

"खोटं! मला काही जाणवलं नाही." ते माझ्याकडे वळले. "नारायण, तू समोर होतास. ओढला गेला नाडा?"

टेबलापाशी भुशात लाल नाड्याचा चार बोटं लांब तुकडा पडला होता. दादासाहेब बोलत होते तेव्हाच मी वाकून तो उचलला होता, का ते मलाही ठाऊक नाही. तो माझ्या मुठीत होता. मूठ उघडली असती, तर काम झालं असतं. पण पाहुणे बघत होते, मालकाची पगडी अजून जमिनीवर होती, आणि मला घरच्या तीन मुली दिसत होत्या.

"मला तसं काही दिसलं नाही, मालक," मी म्हणालो.

मामाने माझ्याकडे एकदा बघितलं. खुंटीवरचं उपरणं घेतलं, कमरेची चिपाडं काढून टेबलावर ठेवली आणि गेला. कादर त्याच्यामागे दारापर्यंत गेला आणि परत आला. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

चक्री माझ्याकडे आली. मी मिस्त्री झालो. संध्याकाळी हात मोजायची मला लाज वाटायची, म्हणून ते आधी बंद झालं. चुन्याचा पट्टा पायांनी पुसला गेला. मामाने ठेवलेली चिपाडं काही दिवस टेबलाखाली होती, मग कुणीतरी चूल पेटवायला नेली. माघात एकदा पट्टा काढला होता, इंजिनही नुकतंच बंद झालं होतं, आणि एक ढलपी पात्याशी अडकली होती. पातं थांबलेलं दिसलं. मी डावा हात घातला. दुखलं नाही आधी. हात बाहेर काढला तेव्हा करंगळी नव्हती.

"अब तू पक्का मिस्त्री हुआ," भगवान मला दवाखान्यात बघायला आला तेव्हा म्हणाला. तो हे प्रेमाने म्हणाला होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

जखम भरली, पण मला चैन पडेना. मामा देवासला एका कंत्राटदाराकडे लागल्याचं कादरने सांगितलं. होळीनंतर मी इंदूरपर्यंत बैलगाडीने आणि तिथून आग्रा रस्त्याने टांग्याने निघालो. बंडीच्या खिशात तो नाडा होता. वाटेत काय बोलायचं ते शंभरदा ठरवलं. त्याने तोंड फिरवलं तर? चारचौघांत हाकलून दिलं तर? तेवढी शिक्षा मी मनाने आधीच मान्य केली होती, पण टेकडीवरचं माताजीचं देऊळ दिसू लागलं तसं टांगेवाल्याला परत फिर म्हणावंसं वाटलं.

कारखाना टेकडीखाली होता. दुपार उलटली होती. चक्री चालू होती आणि तिच्या डावीकडे, अगदी तसाच सरकून, मामा उभा होता. टेबलामागे चुन्याचा नवा पट्टा. मी दारात उभा राहिलो. त्याने मला बघितलं असणार, पण फळी पुरी होईपर्यंत मान वळवली नाही. मग दांडी ओढली, थांबला, चिपाड लावलं, ढलपी उचलली आणि माझ्याकडे आला.

"ये नाराण. पोरी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

"इथं गंमत आहे. रस्त्याच्या या बाजूला एका महाराजांचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्यांचं. बोटं मात्र दोन्हीकडे सारखीच तुटतात."

मी हसू शकलो नाही. डावा हात उपरण्यात गुंडाळलेला होता. उजव्या हाताने नाडा काढून त्याच्यासमोर धरला. "मामा, हा तेव्हा माझ्या मुठीत होता. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे. उचलताना बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या घरी चार माणसं खाणारी. माझ्या घरी मी एकटा." त्याने नाडा घेतला, टोकाला चक्रीच्या दाताने तुटलेली जागा निरखली आणि मला परत दिला. "आणि मालकाची बोटं शाबूत आहेत ना? मग झालं. उपरण्यात काय लपवतोस?"

मी हात बाहेर काढला. आणि तेव्हा तो माणूस माझ्यावर असा भडकला, की मी दोन पावलं मागे सरलो.

"चिपाड लावलं होतंस?"

मी मान खाली घातली.

"लावलं होतंस का? तोंडाने सांग!"

"नाही, मामा. थांबलेली दिसली."

"थांबलेली दिसली!" तो ओरडला. सगळा कारखाना आमच्याकडे बघायला लागला. "खोटं बोललास, माझं काम गेलं, ते मी गिळलं रे. पण हे? तुला मी भिवाचं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, तुला सांगितलं होतं!" त्याने माझा पंजा दोन्ही हातांत धरला आणि करंगळीच्या जागेवर अंगठा फिरवत राहिला. मी रडलो. वयाने एवढा बाप्या, परक्या कारखान्यात, परक्या लोकांसमोर रडलो.

संध्याकाळी इंजिन बंद झालं. देवासचे कामगार मुकाट्याने ओळीत उभे राहिले आणि त्यांनी पंजे वर केले. मी भिंतीशी बसलो होतो. मामाने मला बोटाने खूण केली. मी उठून ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

"दहा," तो पहिल्यासमोर म्हणाला. "दहा. दहा. दहा."

माझ्यासमोर येऊन थांबला. मी दोन्ही हात वर धरले. त्याने एकेका बोटाला हात लावून सावकाश मोजलं, जणू चुकून एखादं जास्त निघेल.

"नऊ," तो म्हणाला. "पुढल्या वेळी येशील तेव्हा नऊच्या नऊ घेऊन ये."

टांगेवाल्याने हाक मारली तसा मी निघालो. टांग्यात चढून मागे बघितलं. माणसं घरी निघाली होती, कारखान्यात एकटा मामा उरला होता. चक्री थांबून बराच वेळ झाला होता. त्याने कमरेचं चिपाड काढलं, वाकला आणि ते तिच्या दातांना लावून बघितलं.